मामांचं सांगणं

"जरा सांगून येतो, डॉक्टर," असं म्हणून मामा औषधांची पिशवी माझ्या काउंटरवर ठेवायचे आणि समोरच्या बिरोबाच्या देवळात जायचे. मी डॉक्टर नाही. मांडवगणात माझं मेडिकल आहे. पण हे मामांना कधी पटलं नाही.

मामींना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एकुलती एक मुलगी दौंडला रेल्वे कॉलनीत दिलेली. शेवंतीचं रान वाट्यानं देऊन मामा घरीच थांबले. स्वयंपाक, मामींची अंघोळ, कूस बदलणं, सगळं तेच करत.

देवाचं पूर्वी सगळं मामी बघायच्या. मामा बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. आता दिवा लावायला त्यांनाच जावं लागे. आरती येत नव्हती, म्हणून देवाशी नुसतं बोलत बसायचे. तुम्ही तिथून गेला असतात तर वाटलं असतं, आत कुणी पाहुणा बसलाय.

"आज खिचडी केली. मीठ जास्ती झालं, तर तोंड फिरवलं तिनं. बोलत न्हाई, पर राग तसाच हाय."

एके दिवशी भर दुपारी अनवाणीच दुकानात आले. "डॉक्टर, आज ती 'अवं' म्हणाली."

देवाला आधी सांगून आले होते. मला बळंच चहा पाजला. तो शब्द पुन्हा काही आला नाही, पण मामा वाट बघत राहिले. "एकदा आलाय, म्हंजी परत यील," म्हणायचे.

थंडीत मामी गेल्या. दहाव्यानंतर मामा देवळातून बाहेर आले, तेव्हा मी विचारलं, "मामा, देवाचा राग नाही येत?"

"आला की. लय बोललो त्याला." ते माझ्या पायरीवर बसले. "गप ऐकून घेतलं त्यानं. घरात आता कोण हाय बोलायला?"

पुढं मुलगी त्यांना दौंडला घेऊन गेली. मागच्या महिन्यात तिकडं काम निघालं, म्हणून भेटायला गेलो. लेक-जावई कामावर. जावयाचा स्वेटर घालून मामा दारात एकटेच बसले होते.

"करमतं का, मामा?"

"न्हाई करमत." मग कोपऱ्याकडं बोट करून म्हणाले, "हितं मारुती हाय. रोज जाऊन बसतो. अजून वळख न्हाई झाली. व्हईल."

ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. रिक्षा वळताना मी मागं पाहिलं. मामा मारुतीच्या देवळाबाहेर उभे होते, आतली माणसं निघायची वाट बघत.