उजव्या कोपऱ्यातला इशारा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवळात गाऱ्हाणं घालताना देवालाही नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो, आणि इतक्या सफाईने की पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, सांगण्यासारखं काही नाहीच. आता मी मस्कतमध्ये अझैब्याला मुलाकडे राहतो. सगळे आपापल्या कामाला, शाळेला गेले की घरात एसीच्या आवाजाशिवाय काही नसतं. सुधाकर गेल्याचं कळलं तेव्हापासून रोज लिहायला बसतो आणि चहा करायच्या निमित्ताने उठतो. आज उठणार नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखणारे मला दादा म्हणतात. मस्कतमधल्या आमच्या गावकऱ्यांत कोणाचं भांडण झालं तर मिटवायला मला बोलावतात. का? तर दादा मनाने मोठा. दादांनी सुधाकरला माफ केलं होतं ना.

तिथेच यायचं आहे मला. पण सरळ येता येत नाही — थोडं मागून येतो.

तेव्हा मी ओमानातच, मस्कतपासून लांब, इब्रीला एका गॅरेजात फोरमन होतो. आमच्या गावची बरीच माणसं इब्रीत आणि आसपास होती. ड्रायव्हर, प्लंबर, एक बेकरीतला, आणि परांचीवर चढून प्लास्टर करणारा सुधाकर. इब्रीबाहेर कोरडी वादी होती, पाऊस झाला तरच वाहणारी. तिच्या पात्रातले दगड आम्ही वेचून काढले होते, वाळू चाळून अंथरली होती. तिथे दर शुक्रवारी कबड्डी. आठवडाभर आम्ही कोणाचे तरी नोकर असायचो. शुक्रवारी त्या वाळूत उतरलो की आम्ही गाव असायचो.

थंडीच्या दिवसांत मस्कतला कोकणातल्या गावांची स्पर्धा भरायची. नियम एकच, पण कडक. जो ज्या गावचा, त्याने त्याच गावाकडून खेळायचं. चांगला आहे म्हणून दुसऱ्या गावाने माणूस उचलायचा नाही. त्यामुळे हरलं तर गावच हरायचं. तिकडे गावी देवळाजवळच्या दुकानात फोन होता. सामना संपला की आम्ही मस्कतमधल्या रुवीतून फोन करायचो, आणि दुकानदार निकाल देवळाच्या भोंग्यावरून सांगायचा. जत्रेला लावतात तो भोंगा. खाडीपर्यंत ऐकू जायचा.

मी उजवा कोपरा. वर्षानुवर्षं मीच. माझ्या शेजारी, हात धरून, सुधाकर. साखळी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण आमच्या गावची एक पद्धत होती, माझ्या चुलत्यांच्या वेळेपासूनची. साखळीत बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही — चढाई करणाऱ्याला नजरेवरून कळतं. हात दाबायचा. एकदा दाबला की थांब. दोनदा दाबला की जा, मी आलोच. धाकट्याने पाय धरायचा, थोरल्याने मागून येऊन वाट अडवायची. आणि थोरल्याच्या इशाऱ्यावर धाकट्याने शंका घ्यायची नाही. घेतली, तर साखळीला अर्थ काय राहिला?

सुधाकरने कधी घेतली नाही.

तो माझ्यापेक्षा बराच लहान आणि माझ्यापेक्षा बराच चांगला होता. हे दुसरं वाक्य लिहायला मला म्हातारा व्हावं लागलं. लोक सामना बघायला यायचे ते त्याच्यासाठी. मी इशारा द्यायचो, पकड तो करायचा, टाळ्या त्याला पडायच्या. त्या वर्षी गावातून निरोप आला की पुढल्या खेपेला कप्तान सुधाकरला करा, दादांचं वय झालं. तो निरोप बेकरीवाल्याने सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "दादानू, फुडल्या वर्साक तुमी पाण्याच्यो बाटल्यो सांभाळा." सगळे हसले. मीही हसलो. सुधाकर तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "दादा आसत तवसर मी कप्तान होवचंय नाय."

तो हसला असता तर कदाचित मी त्याला सोडलं असतं. त्याने माझी कीव केली — असं मला वाटलं. कीव नव्हती ती, मान होता. तेव्हाही कळत होतं मला. पण राग धरायला काहीतरी लागतं ना?

अंतिम सामना. गुण बरोबरीत, शेवटची चढाई त्यांची. त्यांचा चढाईपटू उंच, लांब पायांचा, घाटमाथ्यावरच्या माणसासारखा रुंद. तो आमच्या बाजूला आला. कोपऱ्याच्या किती आत आला की पकडायचा, हे माझ्या अंगात भिनलेलं होतं. आणि तो तेवढा आत आला नव्हता. थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर तो रिकाम्या हाताने परत गेला असता आणि सामना पुढे जादा वेळात गेला असता.

मी सुधाकरचा हात दोनदा दाबला.

तो गेला. पूर्ण अंग झोकून, मागे न बघता. आणि मी बोटं उघडली, एक पाऊल मागे घेतलं.

ठरवून केलं का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की ते आपोआप झालं, पाय वाळूत रुतला, घाम होता, हात निसटला. खोटं. आदल्या संध्याकाळी, मस्कतमध्ये दार्सैतला मुक्काम होता तिथे, भात जेवता जेवता मी ते मनात एकदा करून बघितलं होतं. सगळ्यांसमोर तो एकदा तोंडावर पडावा, एवढंच मला हवं होतं. गुडघा मोडावा असं नव्हतं वाटलं — पण हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही. कारण तो उंच माणूस त्याच्यावर कोसळला, गुडघा आडवा वळला, सुधाकर ओरडला, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. थोडा वेळच. पण वाटलं.

त्या माणसाचा हात मध्यरेषेला लागला होता. आम्ही हरलो.

सगळे धावत आले तेव्हा पहिलं बोललो ते मीच. कोणी विचारायच्या आत. "हात सोडल्यान त्येनी. एकटोच गेलो." दोन वाक्यं. नंतर मला काही करावंच लागलं नाही, ती दोन वाक्यं आपली आपण चालू लागली. सुधाकरला गाडीत घालत होते, तेव्हा आमच्यातलाच एकजण त्याच्यावर वाकून म्हणाला, "एकट्याक कप होयो होतो काय रे तुका?" तो वेदनेने पांढरा पडला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याची चप्पल शोधत असल्याचं दाखवलं.

मग रुवीत येऊन फोन मीच केला. गावाला सांगायचा मान कप्तानाचा. दुकानदार माझं वाक्य ऐकायचा आणि तसंच्या तसं भोंग्यावर म्हणायचा, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, सुधाकराने साखळी सोडली, एकटा गेला, म्हणून हरलो. फोनमधून मला माझं वाक्य भोंग्यावर परत ऐकू आलं. त्याच्या आईने ते तिच्या अंगणात ऐकलं. मुलाचा गुडघा मोडलाय हे तिला भोंग्यावरून कळलं नाही. मी ते सांगितलंच नव्हतं.

आता यापेक्षा वाईट काय असणार, असं तुम्हाला वाटेल. आहे.

काही दिवसांनी आम्ही सगळे त्याच्या खोलीवर गेलो. इब्रीतल्या कामगारांच्या खोल्या, एकावर एक खाटा. तो खालच्या खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. कोणी संत्री आणली होती, ती सोलून सोलून सगळे आपणच खात होते. मग तोच बोलला. हळू, मान खाली घालून.

"दादानू, माका वाटला तुमी दोनदा दाबलास."

बघा — त्याने आरोप केला नव्हता. विचारलं होतं. दार उघडून दिलं होतं त्याने मला. घामात चुकून दाबला गेला असेल रे, एवढं जरी म्हटलं असतं तरी त्याचं नाव वाचलं असतं आणि माझंही फार काही गेलं नसतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "मी दाबूक नाय, सुध्या."

तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. जणू तिथे काही उमटलेलं असेल. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्याने स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडला. ते मी बघितलं आहे. माणूस मरताना मी बघितलाय, पण ते तसं नव्हतं. हे जिवंत माणसाचं होतं.

"मगे माझाच चुकला," तो म्हणाला. "माका माफ करा, दादानू."

आणि मी माफ केलं. उठलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, झाला ता झाला. बेकरीवाल्याने डोळे पुसले. दादा मनाने मोठा, ते त्या दिवसापासून.

गुडघा नीट बसला नाही. परांचीवर चढता येईना म्हणून त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, त्याला गावी परत पाठवायचं ठरवलं. आमच्या गॅरेजात सुट्या भागांच्या खोलीत बसून करायचं काम होतं. सुधाकरने माझ्याकडे शब्द टाकला नाही, पण कोणीतरी माझ्या अर्बाबच्या कानावर घातलं. त्याने मला विचारलं, तुझ्या गावचा माणूस, कसा आहे? मी म्हटलं, "अर्बाब, अपनी मर्जी का आदमी है. किसी की सुनता नहीं." अर्बाब म्हणाला, खलास. सुधाकर जवळ असता तर मला रोज त्याचा चेहरा बघावा लागला असता. बाकी काही कारण नव्हतं.

तो गावी परतला. तिथे त्याला एकटो म्हणायला लागले. आधी चिडवायला, मग सवयीने. पाहुण्याने पत्ता विचारला तर ‘एकट्याचा घर’ म्हणून दाखवायचे. तोही त्या नावाला ओ द्यायचा. बंदरावर जाळी दुरुस्त करून पोट भरायचा. सामने असले की मैदानाच्या दोरीबाहेर, सगळ्यांच्या मागे उभा राहायचा. गावच्या कबड्डी मंडळाच्या कुठल्याही कामात त्याला कोणी बोलावलं नाही. का बोलावतील? ज्याने साखळी सोडली त्याच्या हाती काय द्यायचं?

मी सुट्टीवर जायचो, हे सगळं बघायचो आणि परत यायचो.

नोकरी संपत आली त्या सुमारास गावात मंडळाच्या नव्या खोलीचं उद्घाटन झालं. त्यासाठी मला बोलावलं — शाल, नारळ, भाषण. भाषणात मी एकीवर बोललो. होय, एकीवर. भाषण संपलं तेव्हा मागून सुधाकर लंगडत पुढे आला आणि त्याने माईक मागितला. मला वाटलं, आलं. इतक्या वर्षांनी आलं. आणि खरं सांगतो, अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं.

तो म्हणाला, "दादानी त्या दिसा माका माफ केल्यानी, म्हणान मी गावात तोंड दाखवूक शकलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला जवळ घेतलं. फोटो काढला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो. वाटेत वाक्य जुळवलं होतं, आमच्या बोलीत, कारण मुंबईच्या मराठीत ते खोटं वाटलं असतं. त्याने खुर्ची मला दिली, स्वतः पायरीवर बसला, पाय लांब करून. गुडघा दुमडत नव्हता. बायकोला म्हणाला, दादांना सोलकढी दे. मग माझ्या मुलाची चौकशी केली. मस्कतमध्ये उकाडा कसा आहे विचारलं. मी उकाड्याबद्दल बोलत राहिलो. नवे रस्ते, नवी दुकानं, इब्रीत आता काय काय झालंय. तो मन लावून ऐकत होता. मधेच त्याची बायको म्हणाली, "ह्यांका तुमचा भारी कवतिक." मी सोलकढी संपवली आणि उठलो. तो फाटकापर्यंत पोचवायला आला, नको म्हटलं तरी आला.

त्यानंतर मी अनेकदा गावी गेलो. त्याच्या घरी गेलो नाही.

यंदा तो गेला. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर बातमी आली. खाली एकाने लिहिलं, एकटो एकटोच गेलो, आणि पुढे हसण्याचं चिन्ह टाकलं. ते कोणी काढायला लावलं नाही. मीही नाही. मी त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं, आणि पुढे जोडलेल्या हातांचं चिन्ह.

त्या सकाळी त्याच्या अंगणात म्हणायचं म्हणून जुळवलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. लांब नाही. सुध्या, तुझा काय एक चुकूक नाय. इशारो मी दिलंय, आणि मगे हात मीच सोडलंय.