साहेब आत आले आणि मी उठले

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं, तोही ढिम्म. मग त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि बसले. डॉक्टर स्टूल ओढून बसले की काहीतरी मोठं असतं, एवढं मला न सांगता कळलं.

"गिया बारे सिंड्रोम," ते म्हणाले. "आम्ही जीबीएस म्हणतो."

मी समजत होते अशक्तपणा असेल. आधी तळपायांना मुंग्या आल्या. मग चप्पल पायातून निसटली तरी समजेना. शेवटी न्हाणीत बसले ती उठताच येईना, आईनं बगलेत हात घालून बाहेर काढलं. तेव्हा मी माहेरी आले होते, कोरेगावजवळ.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. साधा ताप किंवा जुलाब होऊन जातो, आणि जंतूंशी लढणारी आपलीच ताकद चुकून आपल्या नसांवर उलटते. विजेच्या वायरीवर असतं तसं नसांवर आवरण असतं, ते ती खरवडून टाकते. मेंदू हुकूम सोडतो, पण तो पायापर्यंत पोचत नाही. "आवरण परत येतं," डॉक्टर म्हणाले. "बऱ्याच जणांचं येतं. पण नखं वाढतात तसं. वाढताना दिसणार नाही."

मला आयव्हीआयजी दिलं. अनेक माणसांच्या रक्तातून काढलेली, रोगाशी लढणारी प्रथिनं म्हणजे आयव्हीआयजी. कोण कुठली माणसं, ना ओळख ना देख, आणि त्यांच्या रक्तातलं काहीतरी माझ्या शिरेत थेंब थेंब उतरत होतं. मी तासन्‌तास त्या बाटलीकडं बघत राहायची. इतकं नवल मला देवळातही कधी वाटलं नव्हतं.

घरी आणलं तेव्हा पाय होते तसेच. माझे यजमान मुंबईला मार्केटात माथाडी काम करतात, सासर म्हसवडच्या बाजूला. फिजिओथेरपीला, म्हणजे पाय हलवायच्या व्यायामाला, कोरेगावात रिक्षानं न्यायला लागायचं आणि यजमानांची कमाई दवाखान्यातच संपली होती. दवाखान्यातल्या बाईंनी सुचवलं, दिव्यांग प्रमाणपत्र काढा आणि सरकारच्या निराधार योजनेच्या अनुदानाला अर्ज करा. आमच्याकडं त्याला अजून अपंगाचा दाखलाच म्हणतात.

आप्पांना हे पटेना. आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. "आपल्या घरात आजवर कुणी हात पसरला न्हाई," ते म्हणाले.

"तुमी पेन्शन घेता तवा हात पसरता व्हय?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

साताऱ्याला तपासणी झाली आणि दाखला मिळाला, पण टेम्पररी, ठरावीक मुदतीचा. हा आजार सुधारू शकतो, म्हणून मुदत संपली की पुन्हा तपासणी. हे नीट वाचून ठेवा. आम्ही वाचलं नव्हतं.

मग कचेरी सुरू झाली. अर्ज सासरच्या तालुक्यात, मी माहेरी, त्यामुळं आप्पांचे हेलपाटे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, खात्याला आधार जोडलेलं नाही, मग जोडलंय पण दिसत नाही, मग समितीची बैठक झाली नाही. फौजी घरातल्या माणसाला कचेरीत एक वेगळीच अडचण असते. आमच्याकडं कुणी मोठं माणूस आत आलं की उठायचं. हातात ताट असलं तरी उठायचं. लहानपणी आप्पा सुट्टीवर आले की आम्ही भावंडं दिवसभर उठत-बसत असायचो. त्या कचेरीत आप्पा बाकावर बसायचे आणि कोणी साहेब दिसला की ताडकन उभे. शेवटी एक कारकून हात जोडून म्हणाला, "आवं आजोबा, बसा की! मी पाणी प्यायला निघालोय."

अनुदान मंजूर झालं तेव्हा मी पायाचा अंगठा हलवायला लागले होते. हाताची घडी घालून आई, आप्पा, शेजारची काकू अंगठ्याकडं बघत उभी. मी हलवायची आणि ते "हाललं, हाललं!" म्हणायचे. हसू नका. आठवडाभर आम्हाला दुसरा उद्योग नव्हता.

पुढं मांडीत बळ आलं. आधाराच्या दोन दांड्यांमध्ये मला धरून उभं करायचे, पण धरणारा सुटला की मी खाली. तेवढ्यात दाखल्याची मुदत संपली आणि फेरतपासणीची तारीख आली.

आता खरी धाकधूक. अपंगत्वाचे टक्के कमी झाले तर अनुदान बंद, अनुदान बंद म्हणजे रिक्षा बंद, आणि व्यायाम इथंच तुटला तर पाय असेच राहतील, ही भीती. साताऱ्याला तपासणीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक बाई म्हणाल्या, जास्त हालचाल दाखवू नका. मी ठरवलं, खोटं काही करायचं नाही, पण नसती हुशारीही दाखवायची नाही. मला उभं राहता येत नव्हतंच, त्यात खोटं काय होतं?

आत दोन डॉक्टर होते. त्यांनी पाय वाकवून बघितले, नर्व्ह कंडक्शन टेस्टचा रिपोर्ट वाचला. नसांमधून वीज किती वेगानं जाते, ते या टेस्टमध्ये मोजतात. मी चाकाच्या खुर्चीत, आप्पा शेजारी. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांचे एक मोठे डॉक्टर आत आले.

आप्पा ताडकन उठले. टाचेवर टाच. "जय हिंद साहेब!"

आणि मीही उठले.

मला कळलं ते खोलीतली शांतता ऐकून. डॉक्टर माझ्याकडं बघत होते, माझ्या हाताखाली खुर्ची नव्हती आणि फरशी तळव्यांना गार लागत होती. किती महिन्यांनी गार लागत होती! मेंदूनं हुकूम दिला नव्हता. निदान मी तरी दिला नव्हता. कोणी दिला, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याचा विचार आला की अंगावर काटा येतो.

"कधीपासून उभ्या राहताय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"आत्तापासून," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"बसा," ते म्हणाले. पण मला बसता येईना. गुडघे कसे सोडायचे हेच विसरले होते. आप्पांनी खांदे धरून खाली टेकवलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. "एका उठण्यावर आम्ही टक्के ठरवत नाही. पण रिपोर्टही सुधारलाय. आता तुम्ही या दाखल्यात बसत नाही. वाईट वाटून घेऊ नका. ज्यासाठी लोक इथं देवाला हात जोडतात, ते तुम्हाला झालंय."

बाहेर आल्यावर आप्पा मान खाली घालून म्हणाले, "माझ्यापायी झालं, पोरी. मी बसून राह्यलो आसतो तर..."

"आप्पा, तुमी बसला आसता तर मी पन बसूनच राह्यले आसते."

दाखला संपला तरी अनुदान खात्यावर येतच राहिलं. आप्पांनी विचारलं, तर कचेरीतून उत्तर आलं, थांबा, वरून पत्र येईल. त्यातलं मी रिक्षाला खर्च केलं. मग पत्र आलं, जादा गेलेली रक्कम परत भरा. सांगायचं ते हे, की दाखल्यात बदल झाला की तुम्हीच लेखी कळवा, अर्जावर पोच घ्या आणि नंतर आलेल्या पैशाला हात लावू नका. एकदम भरणं जमत नसेल तर हप्ते मागा. मी मागितले, मिळाले. मागायला लाज वाटली नाही.

रिक्षा थांबली तेव्हा आप्पांनी अंगणात बांबूच्या दोन दांड्या रोवल्या. सकाळी "सावधान", "विश्राम", आणि माझे पाय लटपटले की "लय भारी, आता पुन्हा". फिजिओथेरपीच्या मॅडम महिन्यातून एकदा फोनवर बघून म्हणायच्या, आजोबांना थोडं दमानं घ्यायला सांगा. नखं वाढावी तसं माझं चालणं वाढलं. कुठल्या दिवशी काठी विसरले ते आम्हाला कुणालाच आठवत नाही.

शेवटचा हप्ता भरायला मी एकटी गेले. कचेरीच्या ज्या पायऱ्या पहिल्यांदा, अर्ज द्यायला, आप्पा मला पाठीवर घेऊन चढले होते, त्या मी कठडा धरून चढले. वर पोचल्यावर वळून बघितलं आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. लोकांना वाटलं असेल, बाई वाट चुकली.

परतीच्या एसटीतून उतरले आणि घराकडं चालत निघाले. आमच्या कट्ट्यावर आप्पा गावातल्या चारचौघांत बसले होते. घरातलं लहान माणूस आलं म्हणून आप्पा उठलेले मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी वळणावर दिसले आणि ते उठून उभे राहिले. बोलता बोलता, काही न सांगता. ते उठले म्हणून बाकीचेही उठले.

"बसा की आप्पा," मी जवळ येऊन म्हणाले.

पण मी कट्ट्यावर टेकेपर्यंत ते बसले नाहीत.