बैलाच्या डोळ्यावर अंड्याचा पापुद्रा

सिंदेवाहीला जनावरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्याच वर्षीची गोष्ट. पन्नासचं दशक निम्मं सरलं असेल. धानकापणीच्या दिवसांत जंगलाकडच्या गावातली एक विधवा बाई आपला बैल घेऊन दवाखान्यात आली. बांबूची चिरफळी लागून त्याचा डोळा जखमी झाला होता. बुबुळावरचा काचेसारखा पडदा सडून खड्डा पडला होता आणि त्याच्या तळातून पाण्याच्या थेंबासारखा फुगा वर आला होता. बैलानं खांबाला डोकं घासलं असतं, तरी डोळा फुटला असता.

कॉलेजात आमच्या सरांनी सशांच्या जखमी डोळ्यांवर अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा शिवून पाहिला होता. मी त्यांच्या हाताखाली होतो. बैलावर असं कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं. बाईला तसं सांगितलं.

"मंग सशाईचं काय झालं?"

"काहींचे डोळे वाचले. काहींचे सडले."

ती बैलाच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. "एका डोळ्याचा बैल जंगलाच्या वाटेनं चालत नाई, डाक्टर भाऊ. पान हाललं तरी उधळते. तसाबी डोळा जाऊनच राह्यला. करा."

दोरांनी बैल पाडला, चौघांनी दाबून धरला. डोळा बधिर केला. ओला पापुद्रा चिमट्यातून निसटायचा. एक टाका खोल गेला, तर डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर येऊन डोळाच बसणार. शेवटी पापुद्रा नीट बसला. तो हलू नये म्हणून वरून पापण्या शिवून टाकल्या.

खरी भीती तिथून सुरू झाली. आत काय चाललंय ते दिसेना. बैल दवाखान्याच्या आवारातच बांधला होता, बाईही तिथंच राहिली होती. आत सडतंय का ते कळावं म्हणून रोज सकाळी मी आधी डोळ्याचा वास घ्यायचो. एकदा पापणीखालून पिवळट पाणी ओघळलं. मी ते कापसानं पुसून पुन्हा वास घेतला.

"काऊन बोलून नाई राह्यले?" बाईनं विचारलं.

"भीती वाटते, बाई."

"मलेबी," ती म्हणाली आणि बैलापुढं तणसाचा चारा टाकायला वळली.

टाके कापले त्या दिवशी मी सकाळपासून चहाही घेतला नव्हता. पापण्या उघडल्या. पापुद्रा विरून गेला होता, फुगा बसला होता, तिथं दुधी डाग उरला होता. बाईनं त्या बाजूनं आवाज न करता हात पुढे नेला. हात दिसताच बैलानं पापणी मिटली.

ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. मी भिंतीला टेकलो.