धरणगावात भेटलेला मेक्सिकोचा विनोदी नट

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांनी बोलणंच सोडलं होतं. पाणी मागायला जावं तर तोंडून ‘खिडकी’ यायचं. आमचे चेहरे पडायचे आणि ते गप्प व्हायचे. शेवटी आई म्हणाली, “धरणगावला नानांकडे ने यांना. जुना दोस्त आहे.” म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात आम्ही बापलेक धुळ्याहून एसटीत बसलो.

या बाजूला यायचं तर हिवाळ्यातच या. पारोळ्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढे हाडं खिळखिळी झाली. पण दोन्हीकडे कापूस पांढराशुभ्र फुटलेला. एरंडोलला गाडी बदलायची. तिथली भजी गरम आणि स्वस्त. भजीवाल्यानं “अजून देऊ का आबा?” विचारलं, तशी बाबांनी मान फिरवली. नानांपुढेही असंच झालं तर?

नाना दारातच उभे. “ये रे भाऊ! कसा शे?” बाबांनी मान खाली घातली.

अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. काहीतरी हवं म्हणून बाबांनी हात केला आणि तोंडून निघालं, “खिडकी... रुमाल.” माझा चेहरा उतरला.

नाना गंभीरपणे म्हणाले, “रुमाल शे भाऊ, पन खिडकीना बाप कोर्टमा गया. तठे जज म्हने, रुमालले जामीन नही!”

बाबा बघतच राहिले. मग खदखदून हसले आणि तसंच काहीतरी लांबलचक बोलले. नानांनी त्याला उत्तर दिलं.

हात धुताना नानांनी उलगडा केला. तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना दोघांनी एका फिल्म क्लबात मेक्सिकोच्या एका विनोदी नटाचे सिनेमे पाहिले होते. तंबूतल्या खेळांतून वर आलेला, घसरत्या विजारीतला गरीब माणूस. पोलीस असो की न्यायाधीश, तो असं गोल गोल बोलायचा की समोरचा हात टेकायचा. तिकडे त्याच्या नावावरून क्रियापदच झालंय म्हणे, तसं बोलण्यासाठी. खोलीवर हे दोघं तासन् तास तसंच बोलायचे.

“पण नाना, बाबा आत्ता काय म्हणाले ते कळलं तुम्हाला?”

“बठ्ठं समजनं माले, सगळं,” नानांनी डोळे पुसले. “तुम्ही रडवेलं तोंड करतात, म्हणून तो थांबतो, बेटा.”

बाबांचे शब्द पुढेही जागेवर आले नाहीत. पण घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बाजाराला निघाली, तर बाबा चपला शोधत म्हणाले, “थांब, मीही रेल्वे.”

आईनं पिशवी त्यांच्या हातात दिली. मग पदर सावरत म्हणाली, “चला की. रेल्वेनंच जाऊ.”