गवताच्या कोठारातली ओवी

आधी मावशींचं सांगते, मग बाकीचं. शेजारच्या आयरिश मावशी माझ्यामागं लागल्या नसत्या, तर माझ्या आईच्या ओव्या माझ्या गळ्यातच विझल्या असत्या.

मी सातवीत शाळा सोडली. नवरा इथं अमेरिकेत, कॅरी गावात, एका हॉटेलात स्वयंपाकी आहे, मी मराठी घरांना पोळ्या करून देते. आयटीतल्या ताया प्रेमानं बोलतात, तरी चारचौघांत मी तोंड उघडत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. आमचे इथं राहण्याचे कागद अडकलेले. गेले असते तर परत येता आलं नसतं. भावानं फोन धरला, त्यात मी तिला पाहिलं, फुलांखाली झाकलेली. रडूसुद्धा आलं नाही. पण त्या दिवसापासून तिची एकही ओवी ओठावर येईना. जात्यावर बसून तिनं स्वतः रचलेल्या त्या, कुणी कधी लिहून घेतल्या नाहीत. मी विसरले की संपल्या. पोळी लाटताना हेच डोक्यात घोळायचं.

मावशी तरुणपणी आयर्लंडच्या एका खेड्यातून इथं आल्या, आता एकट्याच राहतात. त्यांचं बोलणं इंग्रजीत, मला समजलं तसं लिहिते. एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भिंतीतून तुझं गाणं ऐकू यायचं. बंद का झालं?" मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. वसंतातल्या एका शनिवारी मावशी गाडी घेऊन हजर.

"चल, डोंगरात जायचंय."

मी पोळ्यांच्या ऑर्डरचं कारण काढलं. नवरा म्हणाला, "जा गं. आज मी लाटतो. नकाशे झाले तरी लोक खातील."

डोंगरातल्या एका शेतावर आयरिश लोकांचा मेळा भरला होता. गवताच्या कोठारात गठ्ठ्यांवर माणसं बसलेली. कुणी जुनी गोष्ट सांगत होतं, कुणी कविता म्हणत होतं, मध्येच व्हायोलिन सुरू व्हायचं. तिथं एक रीत होती. ज्याचं झालं, त्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलेल्यानं नाही म्हणायचं नाही. हे मावशींनी मला आधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या गावाकडच्या आयरिश भाषेत त्यांनी एक कविता म्हटली आणि वळून माझं नाव घेतलं.

"मावशी, नको. मला नाही येत."

"खोटं बोलू नकोस. भिंत साक्षीला आहे."

"इंग्रजीत नाही हो येत."

"मग मला कुठं मराठी येते? हो पुढं."

लोक हसले. मी उठले. डोळे मिटून पहिली ओळ कशीबशी काढली, तोच मावशी जवळ आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. मी थांबले. शाळेत चुकलं की बाई अशाच हाताला धरून वर्गाबाहेर नेत. मला वाटलं, झालं, चुकलं आपलं. सॉरी म्हणून मी जागेवर जायला वळले. मावशींनी हात सोडला नाही.

"कुठं निघालीस? आमच्याकडं गाणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. कुणीतरी हात धरतं. गा."

आणि त्या माझा हात हळूहळू गोल फिरवू लागल्या. एक फेरा, मग दुसरा. तो वेग माझ्या दंडाला ओळखीचा होता. आई आणि मी समोरासमोर बसायचो, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि जातं असंच फिरायचं. मी लग्न होऊन निघाले, त्यानंतर तिनं रचलेली ओवी आपोआप आली:

लेक माझी लांब गेली, तिची वाटी फळीवरी
हात पुरे फळीपाशी, हाक पुरेना तिच्या घरी

तिथंच आवाज फुटला. इतक्या महिन्यांचं रडू परक्या माणसांसमोर आलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठलं नाही. मावशींचा हात फिरतच राहिला, म्हणून मीही थांबले नाही. एकामागून एक ओव्या येत गेल्या. मावशींचा तळवा घामेजला होता, की माझा, कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओवी गात पोळ्या लाटताना भिंतीपलीकडून ठकठक झाली. मी आवाज थोडा मोठा केला.

आईचं जातं भावाच्या पडवीत आहे. कागद हातात आले की मी मावशींना गावी नेणार आहे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पाटावर जाड उशी घालीन. त्यांना माझ्यासमोर बसवीन, खुंट्यावर त्यांचा हात ठेवून त्यावर माझा ठेवीन, आणि म्हणेन, मावशी, आता तुम्ही गा.