अंगठ्याची पोस्ट

स्नेहल कांबळे हे नाव लिंक्डइनवर फारसं कुणाला ठाऊक नाही, पण तिने लिहिलेलं तिथे बरंच वाचलं जातं. पुण्यामुंबईचे कारखानदार, डॉक्टर, मॅनेजर तिच्याशी फोनवर बोलतात. त्या बोलण्यातून ती पोस्ट लिहून देते आणि ती त्यांच्या नावाने लागते. पूर्वी ती रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहायची. ते बंद पडल्यावर साळवी स्टॉपजवळच्या भाड्याच्या खोलीत बसून तिने हे काम सुरू केलं आणि त्यात तिचा चांगला जम बसला.

फोनवर बोट फिरवताना लोक कुठे थांबतात हे तिला बरोबर कळायचं. पहिल्या दोन ओळींत काहीतरी घडलं पाहिजे, मग एखादी अशी बारीक गोष्ट हवी की वाचणाऱ्याला स्वतःचं घर आठवावं. शेवटी उपदेश नको.

देवदत्त हे तिचं जुनं गिऱ्हाईक. मूळचे वेळणेश्वरचे, पुण्यात आमरसाच्या कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवायचे. एकदा ते म्हणाले, "या वेळी आईवर लिहा. शिक्षण तसं फार नव्हतं तिचं, पण आम्हा भावंडांना तिनेच शिकवलं."

एवढं सांगून ते मीटिंगला गेले. पुन्हा फोन लागेना. स्नेहलला पोस्ट संध्याकाळपर्यंत द्यायची होती. तिने लिहिलं: माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. रेशनच्या दुकानात अंगठा उठवला की ती शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसायची, आम्हा मुलांना दिसू नये म्हणून.

देवदत्तांनी गाडीतच ती वाचली आणि कळवलं, "मस्त. टाका."

पोस्ट तुफान चालली. हजारो लोकांनी ती पुढे पाठवली. कुणी स्वतःच्या आईबद्दल लिहिलं, कुणी नुसते हात जोडले. दोन नवीन गिऱ्हाइकांनी देवदत्तांकडून स्नेहलचा नंबर मिळवला.

आठवड्याभरात देवदत्तांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"स्नेहल, ती पोस्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली. आईने वाचली. आता माझ्याशी बोलत नाही ती."

"वाचली?" स्नेहलच्या तोंडून निघून गेलं.

"ती गावची पोस्टमास्तर होती हो. निवृत्त होईपर्यंत. मॅट्रिक झालेली आहे. मी धड वाचलंच नाही, तुम्ही काय लिहिलंत ते."

स्नेहल म्हणाली, "सर, मी जाऊन भेटते त्यांना."

"कशाला? मी समजावतो तिला."

"लिहिलं मी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने जयगडला स्कूटर फेरीबोटीत चढवली, तवसाळला उतरली आणि हेदवीवरून वेळणेश्वर गाठलं. देवदत्तांच्या आई, मालिनीकाकू, पडवीत सुपाऱ्या कातरत बसल्या होत्या. स्नेहलने नाव सांगितलं, काम सांगितलं. काकूंनी तिला नीट न्याहाळलं.

"म्हणजे माझ्या लेकाच्या तोंडून तू बोलतेस?"

"हो, काकू."

"बस. पाणी घे आधी."

स्नेहलचं पाणी पिऊन झालं. मग काकू आडकित्ता बाजूला ठेवत म्हणाल्या, "गावात निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. त्यांच्या बायकांची पत्रं मी लिहून दिली, आलेली वाचून दाखवली. माझ्या पदराला शाई असायची गो, पण ती शिक्क्याची. आता शेजारची काशी विचारते, वहिनी, तुम्ही अंगठा कधी उठवलात? काय सांगू तिला?"

"चुकलं माझं. मला विचारायला हवं होतं."

"ते आहेच. पण हे पदराचं तुला सुचलं कुठून? असं बसल्या जागी सुचत नाही."

स्नेहलने खाली बघितलं. "माझी आजी, कमलाबाई. पालीजवळ आमचं गाव आहे. ती तशी शाई पुसायची. मी लहानपणी पाहिलंय."

"आणि तू ते देवदत्ताला देऊन टाकलंस?"

हा विचार स्नेहलच्या मनात आलाच नव्हता. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्याबद्दल स्नेहलने कधीच कुठे काही लिहिलं नव्हतं. आणि आता ती आठवण एका कारखानदाराच्या नावाने हजारो लोकांच्या फोनवर फिरत होती. तिला रडू आलं. काकूंनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

दुपारी त्या बोलत गेल्या आणि स्नेहल लिहीत गेली. वादळात तारायंत्र बंद पडलं होतं तेव्हाची गोष्ट, एका बाईला नवऱ्याची वाईट बातमी कशी सांगितली ती गोष्ट. मजकूर झाल्यावर काकूंनी तो मोठ्याने वाचायला लावला. "'डोळ्यांत पाणी आलं' हे काढ. मी रडले नव्हते. मी रडत बसले असते तर तिला कुणी सांभाळलं असतं?"

ही नवी पोस्ट लावायला देवदत्त आधी तयार होईनात. "लोक म्हणतील, पहिली पोस्ट खोटी होती."

"ती खोटीच होती, सर."

"पाठवा," ते शेवटी म्हणाले.

जुनी पोस्ट काढून नवी लागली. आधीचा मजकूर खरा नव्हता हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. ती पहिलीइतकी चालली नाही. काहींनी टोमणे मारले, एकाने देवदत्तांना ढोंगी म्हटलं. पण मालिनीकाकू लेकाशी बोलू लागल्या. देवदत्तांनी मात्र काही दिवसांनी हे काम पुण्याच्या एका एजन्सीला दिलं. स्नेहलने त्यांना दोष दिला नाही.

आजीबद्दल तिने स्वतःच्या नावाने लिहिलं. मोजक्या लोकांनी वाचलं. बऱ्याच जणांना वाटलं, पदराची गोष्ट हिने कुठून तरी उचलली. दोघांनी तसं खाली लिहिलंही. तिने उत्तर दिलं, "गोष्ट माझ्या आजीचीच आहे. मीच ती आधी दुसऱ्याच्या नावावर घातली होती."

स्नेहल आजही हेच काम करते. पोस्टमध्ये घरचं कुणी येणार असेल, तर ती आधी त्या माणसाशी फोनवर बोलते. काही गिऱ्हाइकांना एवढा वेळ नसतो, ती दुसरीकडे जातात. गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका दंतवैद्याने मात्र फोन स्वतःहून वडिलांच्या हातात दिला, आणि ते म्हातारे गृहस्थ तासभर बोलत राहिले.