डी, ओ, आर

बोलण्याआधी तो खिशावर हात ठेवायचा. डिजिटल डायरी जागेवर आहे याची खात्री झाली की मगच तोंड उघडायचा. तिची बारीक बटणं करंगळीच्या नखाने दाबायचा. त्यासाठी तेवढं एक नख वाढवलेलं. उत्तर पाठ असलं तरी म्हणायचा, "थांब, मशीनला विचारतो." बायकोचा वाढदिवस तिच्यात घालून ठेवला होता. त्या दिवशी गजर वाजायचा, तो बंद करायचा आणि विसरायचा. काचेला कुणाचं बोट लागलं की रुमालाने पुसायचा, आणि पुसून होईपर्यंत त्या माणसाकडे रोखून बघायचा. लिफ्टमध्ये शिरला की डोळे मिटून ऐकायचा. लोकांना वाटे, डुलकी काढतोय.

लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. कामावर सगळे त्याला गव्हर्नर म्हणत. लिफ्टचा वेग हाताबाहेर गेला की तिला जागच्या जागी थांबवणारा एक भाग असतो, त्याचं हे नाव.

"याचं उलटंय," त्याचा कामातला जोडीदार म्हणायचा. "लिफ्ट गुमान चालते, गव्हर्नरच सुटतो."

आधी प्रत्येक इमारतीचं एक कार्ड असे. त्यावर त्याचंच मराठी, त्याच्याच हातचं. डायरी घेतली तेव्हा त्याने सगळी कार्डं बसून तिच्यात उतरवली आणि गठ्ठा रद्दीत घातला.

"राहू द्या की, दादा. कपाटात काय खायला मागतात का?" जोडीदार म्हणाला.

"तुझं डोकंच रद्दी झालंय."

डायरीला मराठी येत नव्हतं. त्याने मराठी इंग्रजी अक्षरांत कोंबलं. TEL GHALA. BRAKE AVLA. लिहिणारा तोच, वाचणारा तोच. काही अडलं नाही.

मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी रजेवर जाताना त्याने डायरी जोडीदाराच्या हातात ठेवली. लेकीला सासरी पाठवताना बापाचं होतं तसं तोंड झालं होतं.

"आक्काच्या इमारतीचं काम पहिलं कर."

"काय करायचंय तिथे?"

"मशीनला विचार."

एवढंच बोलला. तोंडाने एक शब्द सांगितला असता तर पुढचं काही झालं नसतं.

जोडीदाराला शब्द लागेना. त्याने ऑफिसातल्या बाईंना फोन लावला आणि अक्षरं एकेक करून वाचली. डी, ओ, आर. पुढे बी, ए, डी, एल, ए.

"बदला, हे कळलं," बाई म्हणाल्या. "आधीचं डोअर असेल. एक ओ राहिला. दार बदला."

तिथलं दार अडकायचंच. जोडीदाराला पटलं. ऑफिसने चकचकीत स्टीलचं दार पाठवलं, त्याने ते मन लावून बसवलं. इमारतीतले लोक त्यात बघून केस नीट करू लागले.

गव्हर्नर काळा चष्मा लावून परत आला तो थेट तिथे. दार पाहिलं.

"हे काय आहे?"

"दार. तुम्हीच लिहिलंत ना?"

तो वरच्या मशीनरूममध्ये गेला. लिफ्ट थांबवली. ज्या दोरांवर ती लटकते त्यांच्यावरून फडकं फिरवलं. फडकं अडकलं. ओढलं तर टरकन फाटलं. तुटलेल्या तारा काट्यांसारख्या उभ्या होत्या. रजेवर जाताना होत्या त्यापेक्षा जास्त.

"दोर!" तो ओरडला. "दोर बदला! दार नाही, गाढवा, दोर!"

आवाज खालपर्यंत गेला. त्याने फ्यूज काढले आणि स्वतःच्या खिशात घातले.

आक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची. गुडघे गेलेले. ती दारात आली.

"नवं दार लावलंस आणि लिफ्ट बंद? मी काय दाराकडे बघत बसू?"

"आक्का, दोर तुटेल."

"मला खाली उतरायचंय. तुझं डोकं शांत झालं की ये सांगायला." तिने स्वतःचं दार लावून घेतलं.

ऑफिसात साहेब म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये होतं तेच पाठवलं. इंग्रजी येत नाही तर लिहायचं कशाला?"

"त्यात मराठीचं बटण दाखवा, मराठीत लिहितो."

"दाराचा खर्च आत्ताच झालाय. इतके दिवस चालली, अजून थोडे चालेल. लिफ्ट चालू करा."

"करतो. तुम्ही बसा आधी. घरच्यांना घेऊन बसा, मी वरून बटण दाबतो."

"तोंड सांभाळून बोला."

"फ्यूज माझ्या खिशात आहेत. दोर आल्याशिवाय निघणार नाहीत. कामावरून काढायचं तर काढा, फ्यूज घेऊनच जाईन."

घरी त्याने ताट बाजूला सारलं. साहेबांना शिव्या दिल्या, बाईंना दिल्या, जोडीदाराच्या सात पिढ्या काढल्या. बायको ऐकत होती.

"अहो, कार्डं कुणी घातली रद्दीत?"

तिने ताट पुन्हा पुढे केलं. तो जेवला नाही.

शेवटी दोर आले. इमारतीतल्या लोकांनीच ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला. तो लिफ्ट बंद असल्याचा होता, दोरांचा नव्हता. त्याने आणि जोडीदाराने दोर बदलले. आक्का खाली उतरली, त्याच्यासमोरून गेली, बोलली नाही.

त्याच दिवसापासून तो डायरी दुरुस्त करू लागला. बाकीच्या इमारतींपुढेही तोच शब्द होता, आणि उद्या ती पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती.

"तार लिहा ना," जोडीदार म्हणाला.

"टी, ए, आर. टार. डांबर पाठवतील."

"मग सरळ इंग्रजी. आर, ओ, पी, ई."

"तू रोपे वाचशील. झाडं लावून ठेवशील लिफ्टमध्ये."

जोडीदार हसला. गव्हर्नर हसला नाही. त्याने DORKHAND ठरवलं. दोरखंड. यातून दार निघत नव्हतं. जुना शब्द पुसायचा, नवा घालायचा, साठवायचं बटण दाबायचं. मग पुढची इमारत. चष्म्याआडून डोळ्यांना पाणी यायचं. पुसायचा आणि चिडून पुढचं बटण दाबायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

एका सकाळी कामावर जाताना तो बसथांब्याच्या बाकावर बसला आणि उठलाच नाही. डायरी हातात होती.

भेटायला आलेले म्हणाले, फार तापट होता, तापटपणानेच गेला. साहेबही हेच म्हणाले, आवाज खाली आणून. खोटं आहे. तो चिडला नसता तर ती लिफ्ट त्या दोरांवर चालूच राहिली असती, आणि आक्का तिच्यात असती. हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. आक्का तोंडाला पदर लावून बसली होती.

डायरी आता जोडीदाराकडे आहे. ती इमारती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावते. एमपर्यंत सगळीकडे DORKHAND आहे. एनपासून पुढे DOR.